नाट्यगृहाचा ए.सी. आणि गच्चीवरचे पाणी

चैत्र लागला की गावोगावच्या नाट्यगृहांत आणि सभागृहांत एकच तक्रार ऐकू येते, 'ए.सी. चालत नाही!' लग्नाची मंडळी चिडतात, नाटक कंपनीचा व्यवस्थापक चिडतो, प्रेक्षक हातातल्या पत्रिकेनेच वारा घेतात. मग नगरपालिकेच्या सभेत विषय निघतो, मेकॅनिक येतो, गॅस भरतो, मोटारीचा पट्टा बदलतो आणि थंड झुळूक आली की 'झाली दुरुस्ती' म्हणून बिल मंजूर होते. यंत्रणा वीस-पंचवीस वर्षे जुनी असेल तर दर उन्हाळ्यात हेच.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. ए.सी. बिघडला तर घाम येईल, फार तर कोणाला भोवळ येईल, त्यात आजाराचे काय? परंतु न चालणाऱ्या ए.सी.पेक्षा नीट न राखलेला, पण चालणारा ए.सी. कितीतरी अधिक धोक्याचा ठरू शकतो. तो थंडावा देत राहतो, त्यामुळे त्याच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. बंद पडलेल्या यंत्राने माणसे दगावल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. चालू यंत्राने दगावल्याची मात्र पुरेशी उदाहरणे आहेत.

आरोग्य खात्याचीच कचेरी

पहिले उदाहरण गमतीचे वाटावे असे आहे, कारण त्यात कोणी दगावले नाही. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात पाँटिॲक नावाचे शहर आहे. तेथे काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, आरोग्य खात्याची कचेरी होती. १९६८ च्या जुलै महिन्यात या कचेरीतील १०० पैकी ९५ कर्मचारी एकाएकी तापाने आजारी पडले. कामानिमित्त आलेले लोक धरून हा आकडा किमान १४४ वर गेला. ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणे, विलक्षण थकवा अशी लक्षणे होती. दोन ते पाच दिवसांत सगळे बरे झाले. विशेष म्हणजे घरी गेलेल्या रुग्णांकडून बायकामुलांना हा ताप लागला नाही. म्हणजे हा माणसाकडून माणसाला होणारा फ्लू नव्हे.

तपास करणारे इमारतीतच घोटाळत राहिले आणि त्यांच्यापैकीही काही जण आजारी पडले! शेवटी दोष सापडला तो वातानुकूलन यंत्रणेत. यंत्राची उष्णता पाण्यावाटे बाहेर टाकणाऱ्या भागातील ओलसर हवा बाहेर जाण्याऐवजी इमारतीत खेळणाऱ्या हवेत मिसळत होती. त्या ओलाव्यात काय होते, हे मात्र तेव्हा कोणालाच सांगता आले नाही. त्याचे उत्तर मिळायला जवळजवळ दहा वर्षे लागली.

ते मिळाले एका मोठ्या दुर्घटनेमुळे. १९७६ च्या जुलैत फिलाडेल्फिया शहरातील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या जुन्या, नामांकित हॉटेलात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. अधिवेशन संपवून मंडळी घरोघरी परतली आणि आठवडाभरात न्यूमोनियाने पटापट मरू लागली. एकूण २२१ जण आजारी पडले, ३४ दगावले. त्यांत काही जण अधिवेशनाशी संबंध नसलेले, केवळ हॉटेलच्या आसपास वावरलेले होते. हॉटेलवरची संक्रांत इतकी तीव्र होती की त्याच वर्षाच्या अखेरीस ते बंद पडले. जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड आणि चार्ल्स शेपर्ड या संशोधकांनी जंतू शोधून काढला. सैनिकांच्या त्या संघटनेवरून त्याचे नाव पडले 'लीजिओनेला', आणि न्यूमोनियाचे 'लीजनेअर्स डिसीज'. पाँटिॲकचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले गेले, तेव्हा तोही याच जंतूचा सौम्य अवतार निघाला. त्याला आज 'पाँटिॲक ताप' म्हणतात.

गच्चीवरचा मनोरा

आता हा जंतू ए.सी.त येतो कोठून? त्यासाठी मोठ्या इमारतीची यंत्रणा कशी चालते हे थोडक्यात समजून घ्यावे लागेल.

घरातल्या ए.सी.चा मागचा भाग गरम वारा बाहेर फेकतो, हे आपण पाहतो. हजार-बाराशे माणसे बसतील अशा सभागृहाची उष्णता इतकी असते की नुसत्या वाऱ्याने भागत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी ती उष्णता पाण्याला दिली जाते आणि ते कोमट पाणी गच्चीवरच्या 'कूलिंग टॉवर'मध्ये वरून फवारले जाते. टॉवरचा पंखा हवा खेचतो, थोडे पाणी वाफ होऊन उडते, उरलेले गार होऊन पुन्हा खाली यंत्राकडे जाते. माठातले पाणी गार होते तेच तत्त्व. गच्चीवर पांढुरका ढग दिसतो तो यातलाच.

लीजिओनेला हा तसा नदी-तळ्यांत, ओल्या मातीत सगळीकडे थोडाफार असतोच. तेथे तो आपल्या वाटेला जात नाही. २० अंश सेल्सिअसच्या खाली तो निपचित असतो, ६० अंशांच्या वर मरतो. त्याला मानवते ते २० ते ४५ अंशांचे कोमट पाणी. टॉवरमधले पाणी साधारण तीस-पस्तीस अंशांचे असते. त्यात उडून आलेली धूळ, पाने, गंज, शेवाळ आणि बुळबुळीत थर असला म्हणजे जंतूंची चंगळच. पाण्यातले अमीबा जातीचे सूक्ष्म जीव एरवी जंतू खाऊन जगतात. हा पठ्ठ्या त्यांच्या पोटात जाऊन तेथेच वाढतो. त्या थराच्या आणि अमीबाच्या आडोशाला त्याच्यापर्यंत क्लोरीनही सहजी पोचत नाही. मग टॉवरचा पंखा तेच पाणी बारीक तुषारांच्या रूपाने हवेत सोडतो. हे तुषार इतके सूक्ष्म की श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. फ्रान्समध्ये २००३-०४ साली एका कारखान्याच्या टॉवरमधून हे तुषार किमान सहा किलोमीटरपर्यंत पोचल्याचे आढळले. म्हणजे इमारतीत पाऊलही न टाकलेल्या माणसाला त्या इमारतीचा आजार होऊ शकतो.

एका नगरपालिकेची गोष्ट

हे प्रत्यक्षात घडले ते इंग्लंडच्या वायव्य भागातील बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावात. गावाच्या मध्यावर 'फोरम २८' नावाचे कलाकेंद्र होते. नाटके, गाण्याचे कार्यक्रम, सभा, सगळे तेथे. इमारत तेथील नगरपरिषदेच्या मालकीची. आपल्याकडच्या पालिकेच्या नाट्यगृहाचेच रूप म्हणा ना! ऑगस्ट २००२ मध्ये गावात न्यूमोनियाचे रुग्ण एकामागून एक रुग्णालयात येऊ लागले. एकाच वस्तीचे नाहीत, एकाच कारखान्याचे नाहीत, काहीच समान धागा नाही. धागा एवढाच होता की ही माणसे बाजारात आली होती आणि कलाकेंद्राच्या शेजारच्या बोळातून गेली होती. यंत्रणेची दमट वाफ त्याच बोळात सोडलेली होती. बोळातून ये-जा करणाऱ्यांच्या अंगावर ती वाफ येई. उन्हाळ्यात तर तो गार शिडकावा बरा वाटत असेल.

सुमारे १८० लोक आजारी पडले. सात जणांचा मृत्यू झाला. त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट अशी की स्थानिक डॉक्टरांना लवकर शंका आली, लघवीच्या तपासणीने रोग पटकन ओळखला आणि योग्य औषधे सुरू झाली. एरवी या रोगात दहातला एक रुग्ण दगावतो. येथे मृत्यूचे प्रमाण त्याच्या निम्म्याहून कमी राहिले. शंका येताच यंत्रणाही बंद करण्यात आली.

पुढे चौकशी झाली, तिच्यात यंत्राचा दोष फारसा निघाला नाही! यंत्र थंडावा देत होते. निघाला तो कागदपत्रांचा आणि जबाबदारीचा दोष. यंत्रणेच्या देखभालीचा ठेका होता, पण टॉवरच्या पाण्याला औषध टाकून ते निर्जंतुक राखण्याचे काम त्यातून सुटले होते. यंत्र पाहणाऱ्याला वाटे पाणी दुसरा कोणी पाहतो. कचेरीला वाटे ठेकेदार सगळेच पाहतो. धोक्याचा लेखी अंदाज घेतलेला नव्हता, ठेक्यावर देखरेख नव्हती, दिलेल्या सूचनांवर कार्यवाही नव्हती, काम पाहणाऱ्यांना पुरेसे प्रशिक्षण नव्हते. नगरपरिषदेवर मनुष्यवधाचा खटला भरला गेला. एखाद्या सार्वजनिक संस्थेवर असा आरोप ठेवला जाण्याची ब्रिटनमधील ती पहिलीच वेळ. त्या आरोपातून परिषद सुटली, परंतु सुरक्षा कायद्याखाली २००६ मध्ये तिला सव्वा लाख पौंड दंड झाला. संबंधित विभागाच्या प्रमुख अधिकाऱ्यालाही व्यक्तिशः दंड झाला. पाणी निर्जंतुक राखण्याचा वर्षाचा खर्च या रकमेपुढे किरकोळच असणार. सात माणसांच्या तुलनेत तर त्याचा हिशोबच नको.

बॅरोची गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगितली. कारण आपल्याकडे 'ए.सी.ची ए.एम.सी. दिलेली आहे' एवढ्या एका वाक्यावर सगळे निर्धास्त असतात. त्या ए.एम.सी.च्या कागदावर टॉवरच्या पाण्याचा शब्द आहे का, हे किती जणांनी वाचले आहे?

आणि हे सारे जुन्या काळचे, आता सुधारले असेल, असे समजण्याचेही कारण नाही. २०१५ साली न्यूयॉर्क शहरात एका हॉटेलच्या टॉवरमुळे १३८ जण आजारी पडून १६ दगावले. त्यानंतर शहराने प्रत्येक टॉवरची नोंदणी आणि ठराविक मुदतीने तपासणी सक्तीची केली. तरी २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्याच शहराच्या हार्लेम भागात पुन्हा साथ आली. ११४ रुग्ण, सात मृत्यू. जंतू जुळले ते दोन जागांच्या टॉवरशी. एक सरकारी हार्लेम रुग्णालय आणि दुसरी शहराच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेच्या नव्या इमारतीची बांधकामाची जागा. पाँटिॲकला ५७ वर्षे झाली आणि पुन्हा आरोग्य खात्याचेच घर!

हवेची बाजू

पाण्याची बाजू झाली, आता हवेची. आपल्या जिल्ह्याच्या गावी टॉवर असलेल्या इमारती मोजक्याच. पण हवेचे दुखणे सगळीकडे आहे.

जुन्या मध्यवर्ती यंत्रणेत एक मोठी पेटी असते. त्या पेटीत गाळणी, थंड नळ्यांची जाळी, खाली पाणी गोळा करणारा ट्रे आणि मोठा पंखा असतो. सभागृहातील हवा परत या पेटीत येते, गाळली जाते, गार होते आणि पुन्हा सभागृहात जाते. तिच्यात काही भाग बाहेरच्या ताज्या हवेचा मिसळावा म्हणून एक झडप असते. ही झडप म्हणजे इमारतीचे नाकच. बाहेरची गरम हवा आत घेतली की यंत्राला जास्त वीज लागते, म्हणून कधीतरी, कोणीतरी ती बंद करतो. तो माणूस निवृत्त होतो, झडप गंजते आणि आणखी दहा वर्षे तीच हवा आठशे माणसे आलटून पालटून श्वासात घेतात. नाटकाच्या तिसऱ्या अंकाला प्रेक्षक जांभया देतात याचा दोष प्रत्येक वेळी नाटककाराकडे नसतो!

यंत्रणा फारच जुनी झाली की ती काढून भिंतीवर पाच-दहा 'स्प्लिट' ए.सी. लावून टाकण्याची टूम आता सर्रास आहे. रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग, बँका, वाचनालये, सगळीकडे. दिसायला काम स्वच्छ आणि स्वस्त. पण साधा स्प्लिट ए.सी. बाहेरची हवा आत आणतच नाही. खोलीतीलच हवा पुनःपुन्हा गार करतो. त्यातून खिडक्या बंद. खोकणारा एक क्षयरोगी त्या खोलीत तासभर बसला तर त्याचे जंतू तेथेच फिरत राहतात. जानेवारी २०२० मध्ये चीनमधील ग्वांगझू शहरात एका उपाहारगृहात शेजारशेजारच्या तीन टेबलांवरील तीन कुटुंबांतल्या दहा जणांना कोविड झाला. त्यांच्यामधून एकाच ए.सी.चा झोत फिरत होता आणि ताजी हवा जवळपास नव्हतीच. नगरपालिकेच्या अभियंत्यांना माझे सांगणे असे की, स्प्लिट लावायचेच असतील तर त्यांच्याबरोबर हवा आत आणणाऱ्या आणि बाहेर टाकणाऱ्या पंख्यांची तरतूद त्याच अंदाजपत्रकात करावी. नंतर ती होत नाही.

हवा पुरेशी ताजी आहे की नाही, हे ओळखण्याचे एक सोपे साधन आहे. कार्बन डायऑक्साइड मोजणारे मीटर काही हजारांत मिळते. मोकळ्या हवेत आज हा वायू दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. भरलेल्या सभागृहात आकडा हजाराच्या वर जाऊन तेथेच राहिला तर आपण एकमेकांची वापरलेली हवा घेत आहोत असे समजावे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलांनी हा प्रयोग आपल्याच वर्गांत करावा.

पेटीतल्या ट्रेचेही ऐका. जाळीवरून ठिबकणारे पाणी वाहून जावे म्हणून ट्रेला उतार असतो. वर्षानुवर्षांत तो वाकतो, नळी तुंबते, पाणी साचते आणि त्यात काळी-हिरवी बुरशी धरते. ए.सी. सुरू करताच कुबट वास येतो तो याचाच. दम्याच्या रुग्णांनी हा वास म्हणजे सूचना समजावी. अशा वेळी काही ठिकाणी सुवासिक फवारा मारतात. त्याने बुरशी मरत नाही, दमेकऱ्याचा त्रास मात्र वाढतो.

रुग्णालयात ही गोष्ट अधिक गंभीर. शस्त्रक्रियागृहात तासाला किमान वीस वेळा हवा बदलावी आणि त्यातली चार वेळची हवा ताजी असावी, असे 'एन.ए.बी.एच.' या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या मंडळाचे मार्गदर्शन आहे. साध्या स्प्लिट ए.सी.ने हे साधत नाही. दुसरे असे की, रुग्णालयात दुरुस्ती हीच एक जोखीम असते. जुने छत उघडले, डक्ट ठोकली की वर्षांची धूळ उडते, तिच्यात ॲस्परजिलस बुरशीचे बीजकण असतात. निरोगी माणसाला त्यांचे काही वाटत नाही, परंतु कर्करोगाची औषधे चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात ते रुजले तर प्राणाशी गाठ. म्हणून दुरुस्तीची जागा प्लॅस्टिकच्या जाड पडद्यांनी पूर्ण बंद करणे, अशा रुग्णांना आधीच दुसरीकडे हलवणे, काम संपल्यावर ओल्या फडक्याने पुसूनच वॉर्ड उघडणे, हे सगळे ठेकेदाराला आधी सांगायला हवे. 'रात्रीत उरकून टाकू' हा मार्ग येथे चालत नाही.

आगीचाही संबंध आहे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरला आग लागली. ज्वाळा प्रेक्षकांपर्यंत पोचल्याच नाहीत. पोचला तो धूर, जिन्यांच्या पोकळीतून आणि वातानुकूलनाच्या मार्गाने. त्यात ५९ माणसे गुदमरून गेली. डक्टमध्ये धूर अडवणाऱ्या झडपा असतात आणि धूर लागताच पंखा आपोआप बंद व्हावा अशी सोय असते. जुन्या इमारतीत या झडपा गंजून उघड्याच अडकलेल्या असतात. त्यांची चाचणी दुरुस्तीच्या यादीत अवश्य असावी.

तसेच गॅसचे. जुन्या यंत्रांतला 'आर-२२' हा गॅस ओझोनच्या थराला घातक असल्याने माँट्रियल करारानुसार २०३० पर्यंत जवळपास बंद व्हायचा आहे. तो महाग होत जाईल तसे 'दुसरा भरून देतो' म्हणणारे भेटतील. दुसऱ्या गॅसपैकी प्रोपेन तर स्वयंपाकाच्या गॅसच्या कुळातला, भडकणारा. त्याच्यासाठी न बनवलेल्या जुन्या यंत्रात तो भरणे म्हणजे माणसांनी भरलेल्या सभागृहाच्या डोक्यावर सिलिंडर ठेवण्यासारखे आहे.

दुरुस्ती करताना

यंत्र जुने आहे म्हणून लगेच मोडीत काढा, असे मी म्हणणार नाही. नीट राखलेले वीस वर्षांचे यंत्र निष्काळजीपणे वापरलेल्या नव्या यंत्रापेक्षा बरे. पालिकेकडे पैसा मर्यादित असतो. तो कशावर आधी घालवायचा हे ठरवले पाहिजे. माझ्या मते आधी पाणी, मग ताजी हवा, मग धुराच्या झडपा आणि शेवटी थंडावा. आपण नेमके उलटे करतो, कारण थंडाव्याचीच तेवढी तक्रार येते.

सर्वांत धोक्याचा दिवस म्हणजे दीर्घ सुटीनंतर यंत्र पुन्हा सुरू करण्याचा. पावसाळा आणि हिवाळाभर टॉवर बंद असतो, पाणी साचून राहते, थर वाढतो. मार्चमध्ये कळ दाबली की सगळे एकदम हवेत! म्हणून सुरू करण्यापूर्वी ते पाणी पूर्ण काढून टाकावे. टॉवर घासून धुवावा, क्लोरीनचे पाणी आत फिरवावे, पुन्हा धुवावे आणि मगच नवे पाणी भरावे. पंखा बंद ठेवूनच हे काम करावे, आणि जवळपास वर्दळ नसताना. तुषार अडवणाऱ्या आडव्या-तिडव्या पट्ट्या टॉवरच्या तोंडाशी असतात. त्या तुटल्या असल्यास बदलाव्यात. पट्ट्या बदलणे हे स्वस्तातले काम, पण बॅरोसारख्या बोळातून जाणाऱ्यांच्या दृष्टीने मोलाचे. नंतर औषधाची मात्रा, पाण्याच्या तपासण्या आणि सफाईच्या तारखा एका वहीत लिहाव्यात आणि प्रत्येक नोंदीखाली सही असावी. सही आली की जबाबदारी येते. नगरसेवकांनी सभागृहात प्रश्न विचारायचा असेल तर 'ए.सी. कधी सुरू होणार' याऐवजी 'ती वही दाखवा' असे विचारावे.

टॉवर घासणारा मुलगा कोण असतो? बहुधा ठेकेदाराचा रोजंदारीवरचा पोरगा, तोंडाला फार तर रुमाल. सगळ्यांत जवळून, सगळ्यांत जास्त तुषार त्याच्याच छातीत जातात. रुमालाने हे तुषार अडत नाहीत. त्याला निदान 'एन-९५' प्रकारचा मुखवटा, चष्मा आणि हातमोजे मिळाले पाहिजेत. त्याला पंधरवड्यात ताप आलाच तर डॉक्टरला काय सांगायचे, हेही कळले पाहिजे. जुन्या पाइपांवर आणि डक्टवर कधीकाळी ॲस्बेस्टॉसचे वेष्टण घालत. ते कोरडे खरवडू नये. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर त्रास वीस-तीस वर्षांनी निघतो आणि तेव्हा ठेकेदारही सापडत नाही.

ज्या कचेऱ्यांत ए.सी. नाही, मोठे कूलर आहेत, त्यांनीही निर्धास्त राहू नये. कूलरमधले पाणी बहुधा पुरेसे गार असल्याने लीजिओनेलाची भीती कमी. मात्र डेंग्यूच्या डासाला ती टाकी फार आवडते. या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटतात आणि कोरडी होऊनही महिनोन् महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी नुसते ओतून न देता टाकीच्या कडा घासाव्यात. हंगाम संपला की वाळ्याचे किंवा भुश्श्याचे पडदे काढून टाकावेत. आणि वायर, प्लग, अर्थिंग तपासल्याशिवाय कूलरला ओल्या हाताने स्पर्श करू नये, हे दर उन्हाळ्यात सांगावे लागते.

वसतिगृहे, धर्मशाळा, रुग्णालये यांच्या सौर बंबांबद्दल एक शब्द. पावसाळ्यात ढगाळ हवेत टाकीतले पाणी धड गरम नाही, धड गार नाही असे दिवसेंदिवस राहते. लीजिओनेलाला तेच हवे असते आणि स्नानगृहातील फवारा त्याला वाहन पुरवतो. टाकीतले पाणी विजेच्या कांडीने अधूनमधून ६० अंशांवर न्यावे, वापरात नसलेल्या नळांतून काही मिनिटे पाणी सोडून द्यावे. गरम पाण्याने पोळण्याची भीती असते, म्हणून नळाशी मिसळण्याची सोय असावी, विशेषतः जेथे म्हातारी माणसे व मुले आहेत तेथे.

डॉक्टरांना काय सांगावे

हा आजार दोन ते दहा, कधी चौदा दिवसांनी उमटतो. भरपूर ताप, हुडहुडी, कोरडा खोकला, अंगदुखी, धाप. कित्येकांना जुलाबही होतात आणि काही जण असंबद्ध बोलू लागतात. पन्नाशी उलटलेले, विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांना धोका अधिक. निरोगी तरुणाला सहसा काही होत नाही. रुग्णाची सेवा करणाऱ्याला तो लागत नाही, म्हणून आजाऱ्याला एकटे टाकू नये.

आपल्याकडे न्यूमोनियाच्या प्रत्येक रुग्णात या जंतूची तपासणी होत नाही. त्यामुळे तो असला तरी नावाने नोंदला जात नाही. पेनिसिलिन कुळातल्या औषधांनी तो बरा होत नाही. ॲझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी वेगळी औषधे लागतात, तीही डॉक्टरांनी ठरवून दिलेली. औषधाच्या दुकानातून स्वतःहून आणलेली नव्हेत. तेव्हा न्यूमोनियाचे निदान झाल्यास गेल्या दोन आठवड्यांत आपण कोठे गेलो होतो ते डॉक्टरांना आपणहून सांगावे: ए.सी. असलेल्या हॉटेलात मुक्काम, मोठ्या सभागृहातील कार्यक्रम, रुग्णालयातील वास्तव्य, टॉवर किंवा टाकी साफ करण्याचे काम. शंका आल्यास लघवीच्या एका नमुन्यावर तपासणी करता येते. ती या जंतूचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार तेवढाच पकडते, म्हणून ती 'नाही' आली तरी डॉक्टर छातीतील बेडक्याची तपासणी सांगू शकतात. एकाच इमारतीत जाऊन आलेले दोघे-तिघे एकाच आठवड्यात अशा तापाने आजारी पडले असतील, तर ती बातमी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांपर्यंत त्याच दिवशी पोचवावी आणि पाण्याचा नमुना घेईपर्यंत टॉवर धुऊ देऊ नये. फक्त बंद करावा.